हरवलेलं प्रथिन आणि वाढलेलं प्रथिन: आतड्याच्या गाठीचं भाकीत करताना

आतड्याचा काढलेला भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावरून फॉर्मालिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला, ही या कामातली पहिली नोंद. गाठीत कोणतं प्रथिन शाबूत आहे आणि कोणतं गायब, यावरून आजार पुढे कसा वागेल ते सांगायचं असेल तर ही वेळ अँटिबॉडीच्या (त्या प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवून देणाऱ्या रेणूच्या) नावाइतकीच महत्त्वाची. आणि नेमका हाच रकाना बहुतेक फॉर्मांवर कोरा येतो. रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःलाच पचवू लागतात; प्रथिनं मोडतात, केंद्रकं धूसर होतात. तासाभराच्या आत नमुना फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, गेला पाहिजे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाठवलेल्या नमुन्यावरून निदान होतं, स्टेजही (आजार किती पसरला त्याची पायरी) ठरते, पण प्रथिनांबद्दल छातीठोक बोलता येत नाही.

फॉर्मालिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. नमुन्याच्या आकारमानाच्या दहापट तरी हवं. लहान डब्यात कोंबलेलं आतडं आणि त्यावर ओतलेलं वाटीभर फॉर्मालिन हे दृश्य पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या कुणालाच नवं नाही. हे द्रव ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, पुढे वेग मंदावतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या गाठीचा गाभा त्यामुळे पहिला दिवसभर कच्चाच राहतो. म्हणून आतडं मेसेंटरीच्या (आतडं पोटात बांधून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूने उघडायचं, धुवायचं आणि कॉर्कच्या फळीवर टाचण्यांनी ताणून लावायचं. गुदाशयाचा नमुना असेल तर गाठीजवळचा भाग उघडायचा नाही, कारण भोवतालची कड मोजायची असते; तिथे फॉर्मालिनमध्ये भिजवलेली गॉजची वात आत सरकवायची. मग २४ ते ४८ तास थांबायचं. ७२ तासांच्या पुढे नको.

कच्च्या गाभ्याची खूण पुढे रंगवलेल्या स्लाइडवर दिसते, जिथे तपकिरी म्हणजे प्रथिन आहे: कडेच्या पेशी गडद तपकिरी, मधल्या फिकट किंवा कोऱ्या. नवखा वाचक याला गाठीतली विविधता म्हणतो. बहुतेक वेळा ती फॉर्मालिनची हद्द असते. कोलोनोस्कोपीतले दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे काही तासांत पक्के होतात, म्हणून प्रथिनांच्या बाबतीत चिमूटभर बायोप्सी मोठ्या नमुन्यापेक्षा पुष्कळदा अधिक खरं बोलते.

पुढचा निर्णय ब्लॉकचा, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतीच्या तुकड्याचा. एका गाठीचे चार-पाच ब्लॉक असतात आणि सवयीने सर्वांत जास्त गाठ असलेला उचलला जातो. आम्ही उलट करतो: ज्यात गाठीला लागून निरोगी श्लेष्मल आवरणाची पट्टी आहे तो घेतो. ती पट्टी पुढे साक्षीदार म्हणून लागते. मेलेल्या पेशींचा भाग आणि श्लेष्म्याची तळी टाळायची. अशा तळ्यात तरंगणाऱ्या पाच-पंचवीस पेशींवरून काही ठरवणं धोक्याचं.

सेक्शन, म्हणजे ब्लॉकचा पातळ काप, ३ ते ४ मायक्रॉनचा. जाड कापला की सगळंच गडद दिसतं. चार्ज्ड (ऊती घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर घेऊन ६० अंशांवर तासभर भाजायचा. कापून ठेवलेल्या सेक्शनमधली प्रथिनं हवेच्या संपर्काने हळूहळू ओळखीपलीकडे जातात, त्यामुळे गेल्या वर्षी कापलेल्या आणि या आठवड्यात कापलेल्या स्लाइड एकाच अभ्यासात मिसळायच्या नाहीत. ही चूक फार होते, कारण जुन्या स्लाइड खोक्यात तयार असतात आणि ब्लॉक शोधायला गोदामात जावं लागतं.

फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवतं. अँटिबॉडीला जागा सापडावी म्हणून ती गुंतवण उष्णतेने सोडवावी लागते. १९९१ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि जुने ब्लॉक नव्याने बोलू लागले. दुरुस्ती प्रथिनांसाठी (त्यांच्याबद्दल पुढे) आम्ही ९ पीएचचं ट्रिस-ईडीटीए वापरतो, ९५ ते ९८ अंशांवर २० ते ३० मिनिटं, आणि मग त्याच द्रवात २० मिनिटं थंड होऊ देतो. घाई करून गरम स्लाइड बाहेर काढली की सेक्शन वाळतो आणि कडा काळपट होतात. चरबी आणि श्लेष्मा जास्त असलेले सेक्शन याच पायरीवर सुटून तरंगतात. त्यांना रात्रभर ३७ अंशांवर वाळवून घेतलं तर नुकसान कमी होतं. नंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं, प्राथमिक अँटिबॉडी अर्धा ते एक तास, पॉलिमर (अँटिबॉडीला रंग घडवणारं एन्झाइम जोडणारा), मग डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन) पाच ते दहा मिनिटं. नवी अँटिबॉडी आली की एकाच ऊतीवर १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशी पातळ करत नेण्याची उतरंड लावून बघायची. माहितीपत्रकावरचं प्रमाण हा फक्त प्रारंभबिंदू.

शेवटचा निळा रंग, हिमॅटॉक्सिलिन, हलका हवा. गडद निळ्याखाली फिकट तपकिरी बुडून जातो आणि शाबूत प्रथिन गायब ठरतं.

आता वाचन. सर्वांत उपयोगाची चौकडी म्हणजे एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं जोडीने काम करतात: एमएलएच१ सोबत पीएमएस२, एमएसएच२ सोबत एमएसएच६. जोडीतला कर्ता गेला की जोडीदार टिकत नाही. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ही जातं, पण एकटं पीएमएस२ गेलं तर एमएलएच१ उभं राहतं. हे माहीत असलं की तांत्रिक चूक लगेच उघडी पडते. एमएलएच१ गायब आणि पीएमएस२ ठळक, असं चित्र दिसलं तर आधी संशय स्टेनिंगवर घ्यायचा.

गाठीच्या केंद्रकांकडे बघण्याआधी साक्षीदारांकडे बघायचं: निरोगी ग्रंथींच्या तळाच्या पेशी, लिम्फोसाइट, आधारऊतीतल्या पेशी. त्यांच्या केंद्रकांत रंग आहे आणि शेजारच्या गाठीत नाही, तरच प्रथिन हरवलं. साक्षीदारही कोरे असतील तर त्या जागेवरून निकाल द्यायचाच नाही. दुसरीकडे सरका, दुसरा ब्लॉक घ्या किंवा बायोप्सी मागवा. केंद्रकाबाहेरचा, पेशीद्रवातला रंग मोजायचा नाही. एमएलएच१ च्या एम१ क्लोनमध्ये (अँटिबॉडीच्या एका वाणात) केंद्रकात बारीक ठिपके दिसू शकतात. ते शाबूत प्रथिन नव्हे, गायबच धरायचं. गुदाशयाच्या गाठीला आधी केमो-रेडिएशन दिलेलं असेल तर एमएसएच६ फिकट होतं, कधी नुसतं न्यूक्लिओलसमध्ये (केंद्रकातल्या छोट्या गोळ्यात) ठिपक्यासारखं उरतं. अशा वेळी उपचारापूर्वीची बायोप्सीच रंगवावी. फक्त दोन-चार टक्के पेशींत फिकट रंग असेल तर शब्दांची कसरत करत बसण्यापेक्षा मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेची (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी बदलली का याची) डीएनए चाचणी लावावी.

आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्क्यांत ही दुरुस्ती यंत्रणा मोडलेली सापडते. दुसऱ्या स्टेजमध्ये प्रमाण जास्त, चौथ्या स्टेजमध्ये जेमतेम ४-५ टक्के. या उतरत्या प्रमाणातच भाकीत दडलेलं आहे: अशा गाठी दूर पसरण्यात मागे असतात. दुसऱ्या स्टेजमध्ये हा निकाल आला तर भवितव्य चांगलं, आणि एकट्या फ्लुओरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही, त्यामुळे ते टाळता येतं. चौथ्या स्टेजमध्ये मात्र हाच निकाल उपचाराची दिशा बदलतो; २०२० मध्ये पेंब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पहिल्या फळीत आलं ते याच रुग्णांसाठी. म्हणजे एकच प्रथिन एका स्टेजमध्ये भवितव्य सांगतं आणि दुसऱ्या स्टेजमध्ये औषध निवडून देतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रिपोर्ट लिहिताना ते मिसळले की वाचणाऱ्या डॉक्टरचाही गोंधळ होतो.

एमएलएच१-पीएमएस२ गायब असेल तर पुढची पायरी बीआरएएफ व्ही६००ई (बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल) किंवा एमएलएच१ प्रोमोटरचं मिथायलेशन (जनुक बंद पाडणारी रासायनिक खूण) तपासण्याची. यातलं काही सापडलं तर गाठ बहुधा आनुवंशिक नाही. दोन्ही नकारात्मक असतील, किंवा एमएसएच२-एमएसएच६ची जोडी गेली असेल, किंवा एकटं एमएसएच६ अथवा पीएमएस२ गेलं असेल, तर लिंच सिंड्रोमची (दुरुस्ती जनुकातल्या आनुवंशिक दोषाची) शक्यता धरून जनुकीय समुपदेशन. इथे रिपोर्टचा संबंध रुग्णाच्या भावंडांशी आणि मुलांशी येतो, म्हणून ‘गायब’ हा शब्द लिहिण्याआधी आम्ही स्लाइड दोघांनी बघतो.

ही चौकडी टिकली आणि इतर डझनावारी प्रथिनं मागे पडली, याचं कारण जीवशास्त्राइतकंच वाचनाच्या रीतीतही आहे. प्रश्न आहे की नाही असा आहे, आणि उत्तर तपासायला शेजारीच निरोगी पेशी उभी आहे. सीडीएक्स२ चं तेच. आतड्याच्या पेशीला आतड्याची ओळख देणारं हे प्रथिन निरोगी आवरणात ठळक दिसतं; २०१६ मध्ये मोठ्या मालिकेत दाखवलं गेलं की ते हरवलेल्या, शेकडा चारच्या आसपास गाठी जास्त वेळा उलटतात. यंत्रणा मोडलेल्या गाठींतही सीडीएक्स२ पुष्कळदा हरवतं, म्हणून दोन्ही निकाल एकत्रच वाचायचे. एसएमएडी४ हे तिसरं. गुणसूत्र १८ च्या लांब भुजेवरचं हे जनुक गेलं की केंद्रक आणि पेशीद्रव दोन्ही कोरे पडतात, आधारऊती मात्र रंगलेली राहते. असा नमुना वाचायला निवांत असतो आणि भाकीत वाईटाकडे झुकतं.

‘किती आहे’ असा प्रश्न सुरू झाला की पाय घसरतो. डॅबचा तपकिरी रंग प्रथिनाच्या प्रमाणात वाढत नाही. तो प्रकाश शोषण्याबरोबर विखुरतोही, आणि गडद टोकाला सगळं सारखंच दिसतं. ईजीएफआरचं (पेशीवर वाढीचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाचं) उदाहरण बोलकं आहे. २००४ मध्ये सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरला अडवणारं औषध ईजीएफआर दिसणाऱ्या गाठींसाठी म्हणून मंजूर झालं. रंगाची तीव्रता आणि औषधाचा गुण यांचा मेळ बसला नाही, ईजीएफआर न दिसणाऱ्या गाठीही औषधाला प्रतिसाद देऊ लागल्या, आणि शेवटी निवड आरएएस जनुकाच्या बदलावर गेली. एचईआर२ या तशाच दुसऱ्या प्रथिनाचा अपवाद आहे, पण तिथेही चौथ्या स्टेजमध्ये औषध ठरवण्यापुरता, आणि उंबरठा कडक: निम्म्याहून जास्त पेशींत ३+ असा ठळक पडदा-रंग, किंवा तितक्याच पेशींत २+ असेल तर फिश या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने खात्री.

पी५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनात तर वाचनाची पद्धतच दोषी आहे. निरोगी जनुक असलेल्या गाठीत रंग कमी-अधिक, विखुरलेला. एका प्रकारच्या बदलात प्रथिन साचतं आणि जवळजवळ सगळी केंद्रकं गडद होतात. दुसऱ्या प्रकारच्या बदलात प्रथिन तयारच होत नाही आणि गाठ पूर्ण कोरी. ‘१० टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह’ अशी एकच रेघ मारली की कोरी, बदललेली गाठ निरोगी जनुकाच्या गटात जाऊन बसते. असं करून वर्षानुवर्षं लिहिलेले निष्कर्ष एकमेकांना खोडत राहिले यात नवल नाही. पी५३ वाचायचंच असेल तर तीन गटांत वाचावं. विभागणाऱ्या पेशींत दिसणाऱ्या की-६७ बद्दल आमचं मत याहून कडवट आहे: आतड्याच्या गाठीत ते बहुधा जास्तच असतं, जागा बदलली की आकडा बदलतो, आणि जास्त की-६७ कुणाच्या मालिकेत चांगलं तर कुणाच्या मालिकेत वाईट निघतं.

नवं प्रथिन तपासायचं तर शेकडो गाठी लागतात, आणि प्रत्येकीचा पूर्ण सेक्शन रंगवणं परवडत नाही. १९९८ पासून टिश्यू मायक्रोॲरेची सोय आहे: अनेक गाठींचे बारीक तुकडे एकाच ब्लॉकमध्ये. आधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर पेनाने जागा आखायच्या, मग पोकळ सुईने मूळ ब्लॉकमधून दंडगोल काढून नव्या ब्लॉकमध्ये रोवायचे. ०.६ मिलिमीटरची सुई मूळ ब्लॉक वाचवते, पण आतड्याच्या गाठीत ग्रंथी मोठ्या आणि मधे पोकळ असतात. एवढ्याशा चकतीत कधी दोनच ग्रंथी येतात. आम्ही १ मिलिमीटर घेतो, गाठीच्या मध्यातून दोन आणि आक्रमक कडेतून दोन. (१ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ट्यूमर बडिंग (गाठीच्या कडेवर सुटलेले पेशींचे लहान पुंजके) मोजायला ठरवलेल्या क्षेत्राइतकंच. डोळा त्या आकाराला आधीच सरावलेला असतो.) कडेचा नमुना सोडू नका. गाठ पुढे सरकते तिथे, आणि कितीतरी प्रथिनं मध्यात एक आणि कडेला दुसरंच दाखवतात.

एका कोपऱ्यात यकृताचे दंडगोल असमान रचनेत रोवायचे, नाहीतर स्लाइड उलटी वाचली गेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही आणि रुग्ण क्रमांक १ चा निकाल शेवटच्या रुग्णाच्या नावावर चढतो. आरसाप्रतिमेचा हा घोळ तक्त्यात सापडत नाही, कारण आकडे सगळे ‘व्यवस्थित’ दिसतात. दंडगोल सारख्या खोलीचे नसले की विसाव्या-तिसाव्या सेक्शननंतर आखूड ते संपतात. दहा ते वीस टक्के चकत्या सुटणं, दुमडणं किंवा गाठीशिवाय निघणं हे गृहीत धरूनच संख्या ठरवावी.

गुण देण्यासाठी एच-स्कोअर सर्रास वापरतात: फिकट पेशींची टक्केवारी गुणिले १, मध्यम गुणिले २, गडद गुणिले ३, एकूण ० ते ३००. हिशोब सोपा, पण दगाबाज. २० टक्के फिकट, ३० टक्के मध्यम आणि १० टक्के गडद, म्हणजे ११०. २० टक्के फिकट आणि ३० टक्के गडद, तरीही ११०. या दोन गाठी सारख्या नाहीत. म्हणून तिन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या नोंदवायच्या, बेरीज नंतर. दोन वाचक, दोघांनाही रुग्णाचं पुढे काय झालं ते माहीत नसलेलं, आणि मतभेद झाल्यास दुहेरी सूक्ष्मदर्शकाखाली एकत्र वाचन. सगळ्या स्लाइड एकाच दिवशी, एकाच अँटिबॉडीच्या बाटलीतून रंगवायच्या. जमत नसेल तर प्रत्येक फेरीत तोच कंट्रोल (निकाल माहीत असलेला नमुना) ठेवायचा.

उंबरठा, म्हणजे किती गुणांपासून ‘जास्त’ म्हणायचं ती रेघ, आकडे बघण्याआधी लिहून ठेवायचा. शक्य तितके सगळे उंबरठे चालवून ज्याचा पी (सांख्यिकीय खात्रीचा आकडा, लहान तितका बरा) सर्वांत लहान तो ‘योग्य’ म्हणायचा, ही पद्धत सॉफ्टवेअरने फार सोपी केली आहे आणि तिने खोटे मार्कर भरभरून पिकवले आहेत. योगायोगालाच मार्कर समजण्याचा पाच टक्क्यांचा धोका अशाने कितीतरी पट वाढतो. दुसरी मर्यादा घटनांची. दोनशे रुग्ण म्हणजे मोठा अभ्यास वाटतो, पण आजार उलटलेले चाळीसच असतील तर ढोबळ नियमाने मॉडेलमध्ये चारच घटक पेलतात. टी (गाठ किती खोल गेली), एन (किती लिम्फ गाठींत पोचली), रक्तवाहिन्यांतला शिरकाव आणि दुरुस्ती प्रथिनं घातली की जागा संपली. नव्या प्रथिनाला बसायला ठिकाण नाही. आणि नव्या प्रथिनाने स्टेजच्या वर काहीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर ते स्टेजचीच नक्कल आहे. स्टेज मुळात नीट हवी हे ओघानं आलं: बारापेक्षा कमी लिम्फ गाठी तपासलेल्या रुग्णाची ‘दुसरी स्टेज’ ही पुष्कळदा न सापडलेली तिसरी असते, आणि असे रुग्ण मिसळले की कुठलंही प्रथिन चमत्कार करताना दिसतं. वयस्कर रुग्णांत इतर कारणांनी होणारे मृत्यू वेगळे मोजावेत. उजव्या आणि डाव्या बाजूच्या गाठीही वेगळ्या बघाव्यात, कारण यंत्रणा मोडलेल्या गाठी उजवीकडे जास्त. भाकीत करणाऱ्या मार्करचे अभ्यास कसे मांडावेत हे सांगणाऱ्या २००५ च्या रिमार्क मार्गदर्शिकेत यातलं बरंच काही ओळीने दिलेलं आहे. प्रबंध लिहिताना नव्हे, ब्लॉक मागवण्याआधी ती वाचावी.

रक्तातलं सीईए, म्हणजे आतड्याच्या गाठीतून रक्तात उतरणारं प्रथिन, हे या सगळ्यात जुनं. १९६५ मध्ये सापडलं आणि अजून वापरात आहे, तेही मोजमापाच्या प्रश्नावर, म्हणजे वर म्हटल्याच्या अगदी उलट. ते चालतं कारण तुलना त्याच रुग्णाच्या मागच्या आकड्याशी होते. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा घ्यायला विसरलं की अर्धी किंमत गेली. ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही नेहमीची रेघ, धूम्रपान करणाऱ्यांत पायाच वर असतो. यकृत त्याचा निचरा करतं, म्हणून कावीळ असताना काढलेला आकडा ग्राह्य नाही. अर्धायुष्य तीन ते सात दिवस; शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी तपासावं, आधी नव्हे. तेव्हाही खाली आलेलं नसेल तर गाठ कुठेतरी उरली असण्याची शंका घ्यावी. पुढे पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, नेहमी एकाच प्रयोगशाळेत, कारण एका यंत्रावरचे ४ दुसऱ्यावर ६ येऊ शकतात. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना आकडा काही काळ आपोआप वर जातो. एकट्या वाढीवर स्कॅनकडे धावण्याआधी काही आठवड्यांनी पुन्हा मोजावं.

ब्लॉक कधीही शेवटपर्यंत कापायचा नाही. एमएलएच१ गायब निघालं की बीआरएएफ आणि मिथायलेशनसाठी डीएनए लागतं, आणि आजार तीन वर्षांनी उलटला तर तोच ब्लॉक पुन्हा मागवला जातो. काम झालं की कापलेला पृष्ठभाग वितळलेल्या पॅराफिनच्या पातळ थराने बंद करायचा, गाठीची किती जाडी उरली ते मिलिमीटरमध्ये रजिस्टरला लिहायचं आणि ब्लॉक उन्हापासून, ओलाव्यापासून दूर त्याच्या क्रमांकाच्या खणात परत ठेवायचा.